१४० कॅसेटी, एक डिस्क: ग्वाल्हेरचे एक प्रकरण

(घरच्यांच्या परवानगीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या खासगी बाजारात, गल्लीच्या आत, एक जुना वाडा आहे. तिथे राहणाऱ्या काकू संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. वय ७१. त्यांचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकले आणि पुढे जन्मभर घरीच शिकवत राहिले. मैफलीचे गवई म्हणून त्यांचे नाव कुठे छापून आलेले नाही, पण ग्वाल्हेरात जुन्या मराठी घरांतून विचारलेत तर दोन-तीन म्हातारी माणसे तरी 'हो, आम्ही त्यांच्याकडे बसलो आहोत' असे सांगतील.

१९७८ ते १९९४ या काळात अण्णा तालमीच्या वेळी तंबोऱ्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवत. अशा ९० मिनिटांच्या १४० कॅसेटी जमल्या. २०१६-१७ च्या दोन हिवाळ्यांत पुण्याच्या भाच्याने येऊन त्या संगणकावर उतरवल्या. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक वेव्ह फाईल, ४५ मिनिटांची, साधारण ४७५ एमबीची. २८० फाईली, सगळ्या मिळून १३३ जीबी. त्या ठेवल्या १ टीबीच्या एका छोट्या पोर्टेबल डिस्कवर. त्याच डिस्कवर पुढे लग्नाचे फोटो, नातवाच्या शाळेचे व्हिडिओ, काकूंच्या पेन्शनचे कागद असे होत होत ३८० जीबी भरले.

दरम्यान एका पावसाळ्यात माळ्यावर गळती झाली आणि कॅसेटींना बुरशी लागली. 'संगणकात आहेच की' म्हणून ९३ कॅसेटी टाकून दिल्या. उरल्या ४७.

प्रत एकच आहे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आले नाही. डिस्क कपाटात, मखमली पिशवीत, देव्हाऱ्यातल्या चांदीच्या शेजारी असायची. जपून ठेवली होती हो, पण जपणे आणि दुसरी प्रत काढणे यांत फरक आहे.

अडचण

मे महिन्याचा मध्य. ग्वाल्हेरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना पारा ४५ च्या पुढे गेला हे सांगायला नको. एका विद्यार्थिनीला मालकंस ऐकवायचा म्हणून काकूंनी डिस्क लावली. फोल्डर उघडायला दहा मिनिटे लागली. गाणे सुरू झाले, अडकले, पुन्हा सुरू झाले.

नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने केले ते त्याच्या जागी बहुतेकांनी केले असते: वायर बदलून पाहिली, दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिली, आणि मग कुणीतरी सांगितले म्हणून विंडोजची चेकडिस्क चालवली. तीही दुरुस्तीचा आणि खराब सेक्टर (डिस्कवर माहिती ठेवण्याचे छोटे कप्पे) शोधण्याचा असे दोन्ही पर्याय लावून. रात्रभर ती ११ टक्क्यांवर अडून होती. सकाळी त्याने वायर उपटली. पुन्हा लावल्यावर पडद्यावर आले की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. त्याने 'रद्द करा' दाबले. या सगळ्या प्रकरणात त्या पोराने केलेले हे सर्वांत मोठे काम, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितले, कारण तो रडवेला झाला होता.

दुपारी तीन वाजता काकू आणि तो रिक्षाने माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात आले. डिस्क मखमली पिशवीतच होती.

"काका, मी चेकडिस्क करायला नको होती का?"

"नको होती. पण आता ते जाऊ दे. कितीदा लावून काढलीस?"

"बारा... पंधरा वेळा."

काकूंनी एकच विचारले, "अण्णांचा आवाज आहे की गेला, एवढे सांग."

चेकडिस्क मुळात फाईलींची नोंदवही नीट करण्यासाठी आहे. नोंदवहीत विसंगती दिसली की ती आपल्या समजुतीप्रमाणे खोडते आणि लिहिते. डिस्क धडधाकट असेल तर उत्तम. पण डिस्कच वाचता येत नसेल, तर न वाचता आलेली पाने कोरी समजून ती नोंदी उडवू शकते. शिवाय खराब सेक्टर शोधण्याच्या नावाखाली आधीच थकलेल्या डिस्कला प्रत्येक जागी पुन्हा पुन्हा डोके आपटायला लावते.

पहिली तपासणी

डिस्क विंडोजला लावायचीच नाही असे मी ठरवले. विंडोज स्वतःहून डिस्क उघडू पाहते, फोल्डर चाळते, लहान चित्रे बनवते, आणि हे सगळे त्या डिस्कच्या जिवावर. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली, तीही डिस्क आपोआप न उघडणारी.

आधी कानाने. डिस्क टेबलावर आडवी ठेवली, कूलर बंद केला आणि कान जवळ नेला. फिरण्याचा आवाज एकसारखा होता. टक्-टक्-टक् नव्हते. हे महत्त्वाचे, कारण त्या टकटकीचा अर्थ बहुधा वाचणारी हेड निकामी झाली असा असतो. तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते आणि हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगते. निकामी हेड तशीच चालू ठेवली तर ती तबकडीच खरवडते, आणि खरवडलेले कुठल्याच प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

मग स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ते. बदललेले सेक्टर ४०८. वाचता न आल्यामुळे निकाल लांबणीवर टाकलेले, ज्यांना पेंडिंग म्हणतात, ते २,३१२. दुसरा आकडा शून्यावर असावा अशी अपेक्षा असते. केबलच्या चुका मोजणारा आकडा मात्र शून्यच होता, म्हणजे वायरीचा दोष नव्हता. तापमान ५२ अंश.

डिस्कचे आवरण उघडून पाहिले तर आत नेहमीचा साटा जोड नव्हता. यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्या सर्किटवरच झाळलेले. अलीकडच्या पुष्कळ पोर्टेबल डिस्क अशाच असतात. म्हणजे यूएसबीला वळसा घालून डिस्क सरळ मदरबोर्डला लावण्याचा चांगला मार्ग बंद झाला. पुढे रात्री या यूएसबी जोडाने काय घोळ घातला ते येईलच.

समोरचे पर्याय

एक, विकतचे रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट त्या डिस्कवर चालवणे. बाजारात सर्रास हेच करतात. हे सॉफ्टवेअर आधी सबंध डिस्क तपासते, मग फाईली दाखवते, मग त्या काढायला पुन्हा तीच जागा वाचते. मरणासन्न माणसाला दोनदा जिना चढायला लावण्यासारखे. हा पर्याय मी लगेच बाद केला.

दोन, दिल्लीची प्रयोगशाळा. ग्वाल्हेरहून दिल्ली शताब्दीने साडेतीन-चार तासांची. फोनवर त्यांनी सांगितले की डिस्क न उघडता काम झाले तर सहा हजार, उघडावी लागली तर २५ ते ३० हजार. काकूंचे पेन्शन मला साधारण माहीत होते.

तीन, दुकानातच डिस्कची सेक्टरन् सेक्टर नक्कल काढणे आणि पुढचे सगळे काम नकलेवर करणे.

चार, डिस्क विसरून उरलेल्या ४७ कॅसेटी पुन्हा उतरवणे. हा पर्याय काकूंनीच सुचवला. ९३ कायमच्या गेल्या असे मनाशी धरूनच त्या आल्या होत्या बहुतेक.

शेजारच्या मोबाइलवाल्याने पाचवाही दिला: "भैया, पॉलिथिन में लपेट के फ्रीज़र में रख दो, चल जाएगी।" हा तोडगा फार जुना आहे आणि जुन्या काळच्या अडकलेल्या डिस्कांच्या बाबतीत कुणाकुणाला यश आल्याच्या कथा आहेत. आजच्या डिस्कमध्ये गार तबकडीवर दव धरले की उरलेली आशाही जाते. ४५ अंशांच्या गावात तर विचारूच नका.

खरी निवड दोन आणि तीन यांत होती. मी काकूंना सरळ सांगितले: "काकू, दिल्लीला पाठवली तर धोका कमी, पैसे जास्त. इथे केली तर पैसे वाचतील, पण मधेच हेड गेली तर दिल्लीचेही काम अवघड होईल. आणि हेड जाणार नाही असे मी म्हणत नाही."

त्या म्हणाल्या, "तुला काय वाटते?"

हा प्रश्न मला आवडत नाही. पण उत्तर द्यावेच लागते. मी अट घालून उत्तर दिले: नक्कल इथे सुरू करू. टकटक ऐकू आली, किंवा न वाचता येणाऱ्या जागांचे पट्टे डिस्कभर ठरावीक अंतराने दिसू लागले, तर तिथेच थांबायचे आणि सकाळच्या गाडीने दिल्ली. ठरावीक अंतराचे पट्टे म्हणजे एका हेडचे दुखणे, कारण माहिती आळीपाळीने वेगवेगळ्या हेडवर मांडलेली असते. खराबी एकाच ठिकाणी गोळा झालेली असेल तर तबकडीचा तेवढा भाग खराब आहे, बाकी मिळेल. त्यांनी मान हलवली. नातवाने ही अट वहीत लिहून घेतली, तारीख घालून. चांगले केले.

काय केले

नक्कल काढायला डीडीरेस्क्यू वापरले. फुकट मिळते आणि या कामात त्याच्याइतके समंजस दुसरे मला माहीत नाही. त्याची रीत अशी की आधी सहज वाचता येईल तेवढे उचलायचे, अडले की तो भाग सोडून पुढे उडी मारायची, आणि काय वाचले, काय राहिले याचा नकाशा एका फाईलमध्ये ठेवायचा. सोपे संपले की मग अवघड जागांच्या कडा, त्यानंतर आतला भाग, सेक्टर सेक्टर करून. नकाशा असल्यामुळे काम केव्हाही थांबवता येते आणि वाचलेली जागा दुसऱ्यांदा वाचावी लागत नाही.

नक्कल ठेवायला ४ टीबीची नवी डिस्क घेतली. तिचा ॲडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला, कारण मे महिन्यात लष्करात संध्याकाळी वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. आजारी डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि तिच्यासमोर टेबलफॅन. कूलरची दमट हवा नको म्हणून कूलर दुसऱ्या खोलीत.

इथे एक निर्णय बराच वेळ खाऊन गेला. भरलेली जागा ३८० जीबी, डिस्क १ टीबी. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाईली मांडण्याच्या पद्धतीत, कुठली जागा भरलेली आणि कुठली रिकामी याची एक यादी असते, बिटमॅप. ती काढून फक्त भरलेला भाग वाचला तर डिस्कचे श्रम निम्म्याहून कमी होतात. सहसा मी हेच करतो. पण या डिस्कवर चेकडिस्क अर्धवट चालली होती. तिने काही फाईलींच्या नोंदी खोडल्या असतील तर त्यांची जागा यादीत 'रिकामी' दिसेल, आणि अण्णा नेमके त्या रिकाम्या जागेत असतील. म्हणून यादीवर विश्वास ठेवायचा तो फक्त क्रमापुरता: आधी भरलेला भाग, मग जमेल तेवढा बाकीचा. पुढे जे घडले ते पाहता हा एक निर्णय बरोबर होता.

सुरुवात संध्याकाळी सहाला. निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी देते आणि १ टीबी तीन तासांत आटपते. ही सेकंदाला तीन-चार एमबी देत होती, मधूनच शून्य. दहा वाजता नकाशा पाहिला. खराबी दोन ठिकाणी गोळा झालेली, ठरावीक पट्टे नाहीत. अटीप्रमाणे पुढे जायला हरकत नव्हती. साडेअकराला मी घरी जाऊन झोपलो.

ही माझी चूक. रात्री २ वाजून ४० मिनिटांनी एका खराब जागी डिस्क इतका वेळ अडकली की यूएसबीचा जोडच तुटला आणि डिस्क संगणकाला दिसेनाशी झाली. डीडीरेस्क्यू मात्र चालूच. समोर डिस्कच नाही, त्यामुळे प्रत्येक वाचन क्षणात फसते, आणि तो इमानेइतबारे नकाशात लिहीत जातो: ही जागा खराब, ही खराब, ही खराब. सकाळी सातला शटर उघडले तर नकाशात २४० जीबी लाल.

पाच मिनिटे मी खुर्चीत नुसता बसून होतो. मग नोंदींच्या वेळा पाहिल्या. रात्रभर सेकंदाला तीन एमबी वाचणारी डिस्क शेवटच्या काही मिनिटांत २४० जीबी तपासून खराब ठरवू शकत नाही. म्हणजे ती जागा कुणी वाचलीच नव्हती. डीडीरेस्क्यूत अशा जागा पुन्हा 'न पाहिलेल्या' ठरवण्याची सोय आहे. ती वापरली आणि नकाशा ताळ्यावर आला. तेव्हापासून दर तासाला नकाशाची प्रत वेगळी ठेवली, आणि दुकानातला मुलगा व मी पाळी लावून बसलो. डिस्क पुन्हा जोडल्यावर लिनक्समध्ये तिचे छोटे नाव बदलू शकते, आणि मग कुठली डिस्क आजारी नि कुठली नवी याची गल्लत होते. म्हणून सीरियल नंबर असलेले लांब नावच वापरले. डुलक्या घेत काम करताना उलट दिशेने नक्कल काढून बसण्याइतकी सोपी चूक दुसरी नाही.

भरलेल्या भागाचा पहिला फेरा ३१ तासांत झाला. त्यानंतर डिस्कला चार तास विश्रांती. मग खराब जागांकडे उलट्या बाजूने, शेवटाकडून सुरुवातीकडे. एकाच खड्ड्याला दोन्ही कडांनी भिडले की मधला खरा खराब भाग लहान होत जातो. पहिल्या फेऱ्यानंतर २.१ जीबी राहिले होते, कडा साफ केल्यावर १९० एमबी, आणि पाचव्या दिवशी दुपारी ९.६ एमबी. या काळात पेंडिंगचा आकडा वाढतच गेला. 'रिकामा' भागही तोवर वाचून झाला होता. आणखी तीन फेरे मारून कदाचित एखादा एमबी मिळाला असता. मी डिस्क बंद केली आणि परत मखमली पिशवीत ठेवली.

निष्पत्ती

नकलेतून २५७ बाजू नावानिशी मिळाल्या. उरलेल्या २३ चेकडिस्कने नोंदवहीतून काढून टाकल्या होत्या आणि त्या खरोखरच 'रिकाम्या' जागेत होत्या. फोटोरेकने त्या शोधल्या. हे साधन फाईलची नोंद पाहत नाही, सुरुवातीच्या ठरावीक खुणेवरून फाईल ओळखते, त्यामुळे आवाज मिळाला, पण नाव आणि तारीख नाही.

कुठल्या फाईलींत भोके पडली हे कळायला नकलेची दुसरी प्रत केली, तिच्यात न वाचलेल्या प्रत्येक जागी एक ठरावीक शब्द भरला, आणि मग फाईलींमध्ये तो शब्द शोधला. १७ बाजू आणि नऊ फोटो. या आवाजात एक सेकंद म्हणजे १,७६,४०० बाइट, तेव्हा ४,०९६ बाइटचे एक भोक म्हणजे सेकंदाचा चाळिसावा-पन्नासावा भाग, कानाला नुसते 'टक्'. सगळी भोके मिळून १८ सेकंद. सर्वांत मोठे सहा सेकंदांचे, यमनच्या एका तालमीत.

ते काकूंना ऐकवायला मी वाड्यावर गेलो. हेडफोन लावून, डोळे मिटून, उजव्या हाताने ठेका धरून त्या ऐकत होत्या. बहलावे चालू होते. भोक आले, शांतता, आणि आवाज परत आला. त्यांचा हात थांबला नव्हता. हेडफोन काढून म्हणाल्या, "इथे काही नव्हते रे. इथे अण्णांना ठसका लागला होता, मीच पाणी आणून दिले होते." खरे की माझे समाधान, देव जाणे.

बिननावाच्या २३ बाजूंचे काम अजून चालू आहे. अण्णांना तालीम सुरू करताना वार आणि तिथी सांगायची सवय होती: "गुरुवार, श्रावण शुद्ध पंचमी. सा लाव." सन कधीच नाही. मग जुनी पंचांगे. त्या १७ वर्षांत अमुक तिथी गुरुवारी कधी आली हे पाहिले की दोन-तीन वर्षे उरतात, आणि मागे तबल्यावर कोण आहे हे ऐकून काकू त्यातले एक पक्के करतात. नातू तक्ता भरतो.

खर्च: नवी डिस्क आणि माझी मजुरी धरून दिल्लीच्या मोठ्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आता तीन प्रती आहेत: एक काकूंकडे, एक पुण्याला भाच्याकडे, एक क्लाउडवर. मूळ वेव्ह तशाच ठेवल्या, क्लाउडवर फ्लॅक करून टाकल्या. त्यात आवाजाचा दर्जा जात नाही आणि जागा वाचते.

वेगळे काय करता आले असते

नातवाबद्दल बोलून झाले. माझ्याबद्दल: पहिल्या रात्री झोपायला नको होते, किंवा डिस्क दिसेनाशी झाली तर काम थांबवणारी दोन ओळींची सोय आधीच लावायला हवी होती. यूएसबी जोड झाळलेला आहे हे पाहिल्यावरच हे सुचायला हवे होते.

आधी १३३ जीबी अण्णा, मग बाकी, असा क्रम लावायला हवा होता का? नोंदवही शाबूत असती तर तसेच केले असते. ती वाचण्यासाठीच डिस्कच्या सर्वांत खराब भागात जावे लागत होते, म्हणून टाळले. यावर दुसरा तंत्रज्ञ माझ्याशी भांडेल, आणि त्याच्याकडेही मुद्दा असेल.

दिल्लीबद्दल माझे मन अजून साफ नाही. काम निभावले म्हणून निवड बरोबर होती असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी टकटक सुरू झाली असती तर हाच मजकूर वेगळा लिहावा लागला असता. पुन्हा असे प्रकरण आले, एकच प्रत, मूळ नष्ट, आणि घरच्यांना खर्च परवडत असेल, तर आता मी पहिल्याच दिवशी शताब्दीचे तिकीट काढायला सांगेन. परवडत नसेल तर याच मार्गाने जाईन, फक्त जागा राहून.

उरलेल्या ४७ कॅसेटी भाच्याने पुण्याला नेल्या आहेत. १७ पैकी सहा बाजू त्यांत सापडल्या, त्यांची भोके बुजतील.

बिननावाच्या बाजूंपैकी दोहोंत वार-तिथी नाही आणि गाणारा आवाज अण्णांचा नाही. मधेच अण्णा "वा" म्हणतात, एवढेच. काकू म्हणतात, आवाज ओळखीचा आहे, नाव आठवत नाही. तक्त्यात नातवाने त्यांच्यासमोर 'पाहुणे' असे लिहून ठेवले आहे.